चिलखतातलं सॅन दिएगो

जुलैच्या उत्तरार्धातले चार दिवस सॅन दिएगोत कुणालाच कशाचं आश्चर्य वाटत नाही. ट्रॉलीत तुमच्या शेजारी दांडी पकडून बॅटमॅन उभा असतो आणि फोनवर बायकोला विचारत असतो, पार्किंग मिळालं का म्हणून. कॉफीच्या लायनीत पुढे तीन जेडाय, मागे घामाघूम झालेला पिकाचू. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गिरगावचं जे होतं, तेच इथल्या गॅसलॅम्प क्वार्टरचं होतं, फक्त ढोल नसतात. हे सगळं कॉमिक-कॉनसाठी. १९७० साली इथल्या यू. एस. ग्रँट हॉटेलात काही शे कॉमिक्सवेडे जमले होते, त्याचं आता सव्वा लाखाच्या वर माणसांचं प्रकरण झालंय. १९९१ पासून मुक्काम कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. समोर हार्बर ड्राइव्ह, रेल्वेचे रूळ, पलीकडे जुन्या व्हिक्टोरियन इमारतींचा तो गॅसलॅम्प; आणि मागे निळाशार बे.

मी मूळची डोंबिवलीची, नोकरीसाठी इथे. आठवड्याचे पाच दिवस सॉफ्टवेअर टेस्टिंग. आणि वर्षातले हे चार दिवस स्टॉर्मट्रूपर! म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधले ते पांढऱ्या चिलखतातले सैनिक, ज्यांचा नेम कधीच लागत नाही. उंची म्हणाल तर पाच फूट तीन. १९७७ च्या पहिल्या सिनेमात राजकन्या लेया नेमक्या याच वेषातल्या ल्यूकला उंचीवरून टोमणा मारते. त्यामुळे दर दहा मिनिटांनी कुणीतरी तो डायलॉग मला ऐकवतो आणि प्रत्येकाला वाटतं, ही आयडिया आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. हसावं लागतं. हेल्मेटमधलं हसू दिसत नाही, म्हणून मग मान हलवायची.

चिलखत म्हटलं की सगळ्यांना पहिली शंका वजनाची. अहो, वजन काहीच नाही. आमच्या बाथरूमच्या काट्यावर माझं अख्खं चिलखत साडेआठ किलो भरलं. प्लॅस्टिक आहे ते, एबीएस, लेगोचे ठोकळे ज्याचे करतात तेच. शीट तापवून साच्यावर घालायची आणि खालून हवा ओढून घ्यायची, की साच्याचा आकार आलाच. पहिल्या सिनेमाची चिलखतंही १९७६ साली इंग्लंडमध्ये याच फंड्याने झाली होती. असे वीसएक तुकडे असतात : छाती, पाठ, पोट, खांदे, दंड, मांड्या, नडग्या, शिवाय पाठीमागे पट्ट्याला लटकणारा तो नळीसारखा बाँब. सगळे एकमेकांना इलॅस्टिक, वेल्क्रो आणि टिचबटणांनी धरलेले. त्रास वजनाचा नसतो, कडांचा असतो. वाकलात की पोटाची आणि कमरेची प्लेट मिळून जो चिमटा काढतात, तो शाळेतल्या गणिताच्या बाईंनीही कधी काढला नसेल. मांड्यांच्या कडा काचतात. काखेत तर विचारूच नका.

म्हणून पहिला नियम असा की नवं चिलखत थेट कार्यक्रमात घालायचं नाही. घरी दोन तास घालून फिरा. जिना चढा-उतरा, दार उघडून बघा, फोन उचलून बघा. मी आमच्या मिशन व्हॅलीतल्या कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये कपडे टाकायला तशीच गेले होते. एक आजी ड्रायरमधून चादरी काढत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की तीन नंबरचं मशीन नाणी गिळतं. काय बोलणार! पण त्या फेरीत दोन जागा कळल्या, जिथे कडा घासून गोल करायला हव्या होत्या. दोन तास घरात सोसले की पुढचे चार दिवस वाचतात.

आत काय घालायचं, हा दुसरा प्रश्न. सुती अजिबात नाही. सुती घाम पिऊन बसतं आणि मग ओल्या फडक्यासारखं अंगाला चिकटतं. धावणारे लोक घालतात तसे अंगाबरोबर बसणारे, घाम लगेच सुकवणारे काळे कपडे घ्या. काचतं तिथे आधीच काचू नये म्हणून मिळणारी ती मेणासारखी कांडी फिरवा. आणि बुटात चांगले सोल टाका. स्टॉर्मट्रूपरचे पांढरे बूट दिसायला झक्कास, पण सोल चपातीसारखे. दिवसभर काँक्रीटवर उभं राहायचंय, हे विसरू नका.

चढवण्याचा क्रम खालून वर. बूट, मग नडग्या, मग मांड्या. कारण एकदा छाती-पोट चढलं की तुम्ही खाली वाकू शकत नाही. लेस सुटली तर ती दुसऱ्याने बांधायची. आम्हाला दोघांना मिळून पंचवीस मिनिटं लागतात. एकटीने? नाही जमत. निदान मला तरी नाही.

इथेच माझा नवरा येतो. या जगात त्याला हँडलर म्हणतात, मी सारथी म्हणते. तुम्ही कितीही भारी चिलखत करा, हँडलर नसेल तर तुम्ही म्हणजे रस्त्याच्या मध्ये ठेवलेलं फ्रिज आहात. हेल्मेटच्या काचा गॉगलएवढ्या, बाजूचं काही दिसत नाही आणि छातीच्या खालचं तर मुळीच नाही. स्वतःचे पाय दिसत नाहीत. चार वर्षांचं मूल धावत येऊन गुडघ्याला मिठी मारतं, तेव्हा आधी कळतं की काहीतरी आदळलं, नंतर कळतं की ते मूल आहे. ऐकूही निम्मंच येतं. म्हणून आमचे ठरलेले इशारे आहेत. खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि हेल्मेटवर टकटक म्हणजे काहीतरी गडबड आहे, बाजूला चल. बाकी सगळं तोंडी, कानाजवळ येऊन, मराठीतून. फोनवर बोलत राहायची आयडिया आम्ही करून पाहिली, पण त्या गर्दीत नेटवर्क मान टाकतं. तर एवढ्या हजारो माणसांत, सुपरमॅन आणि झाँबींच्या गोंगाटात, माझ्या कानाशी सतत चालू असतं, ‘पायरी आहे. अजून एक. झाली. डावीकडे बाबागाडी. थांब गं, फोटो मागतायत.’ डोंबिवली फास्टमधून उतरताना मागचा माणूस जसा ‘चलो चलो’ करतो ना, त्याचं प्रेमळ व्हर्जन.

एस्कलेटर टाळा. चालत्या पायरीवर पाय न बघता ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं. लिफ्टच घ्या. हार्बर ड्राइव्हवरून जाणाऱ्या पादचारी पुलाला दोन्ही टोकांना लिफ्ट आहे, लाइन लांब असते, पण असू दे. साधा जिना असेल तर आडवं होऊन, हँडलरच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी.

पाणी म्हणाल तर लांब नळी. हेल्मेटखालून तोंडापर्यंत पोचेल अशी. सॅन दिएगोची हवा तशी दयाळू आहे, जुलैतही दुपारी चोवीस-पंचवीसच्या आसपास आणि सकाळी समुद्रावरून आलेलं मळभ. पण ते बाहेर. चिलखताच्या आत तुमचं स्वतःचं कोकण असतं, मे महिन्यातलं. मी हेल्मेटमध्ये कॉम्प्युटरचे दोन चिमुकले पंखे बसवलेत, पॉवर बँकेवर चालतात. काचांना आतून भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी पातळ हात फिरवून वाळू दिला की वाफ धरत नाही. आणि आईने दर वेळी बॅगेत कोंबलेली इलेक्ट्रालची पाकिटं! एरवी आपण हसतो, पण दुपारी दोन वाजता ती आठवतात. पाऊण तासाला एकदा हेल्मेट काढायचं म्हणजे काढायचंच, समोर कितीही फोटोवाले असोत. डोकं हलकं वाटायला लागलं, मळमळलं, घाम येणं थांबलं, की ताबडतोब चिलखत काढा आणि सावलीत, गार जागेत आडवे व्हा. मोठा शूरपणा तोच.

आणि हो, तो प्रश्न. सगळ्यांना विचारायचा असतो, कुणी विचारत नाही. पट्टा, पोट, मागची प्लेट काढायची म्हणजे पंधरा मिनिटं, परत चढवायची आणखी पंधरा, त्यात लेडीज टॉयलेटची लाइन. नवरा आत येऊ शकत नाही. त्यामुळे सकाळी चहा अर्धा कप, थालीपीठ तीन तास आधी, आणि सरळ टाइमटेबल लावून मधली सुट्टी. पाणी न पिणं हा उपाय नव्हे, कृपया.

बसता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. उंच बार स्टूलवर जेमतेम टेकता येतं. मला सगळ्यात आवडणारी जागा कन्व्हेन्शन सेंटरच्या मागच्या अंगाला आहे, बेच्या बाजूची गच्ची. गर्दीतले निम्मे लोक तिकडे फिरकतच नाहीत. हॉल एचच्या साडेसहा हजार खुर्च्यांपैकी एक मिळावी म्हणून माणसं रात्र-रात्र फुटपाथवर झोपतात, आणि इकडे कठड्याला टेकून, हेल्मेट काखेत, समुद्राचा वारा फुकट. शिडाच्या होड्या जातात. शेजारी एक आयर्न मॅन उभा राहून सँडविच खातो. कुणी कुणाशी बोलत नाही. मस्त.

आता बंदुकीचं. हे जरा नीट वाचा.

स्टॉर्मट्रूपरच्या हातात ब्लास्टर असतो. सिनेमासाठी तो स्टर्लिंग नावाच्या खऱ्या ब्रिटिश सबमशीनगनवरून केला होता, त्यामुळे लांबून तो खेळणं वाटत नाही. कॅनडातल्या लेथब्रिजमध्ये ४ मे २०२० रोजी एका स्टार वॉर्स थीमच्या रेस्टॉरंटची १९ वर्षांची कर्मचारी गिऱ्हाइकं यावीत म्हणून हाच वेष करून, प्लॅस्टिकचा ब्लास्टर घेऊन दाराबाहेर उभी होती. कुणीतरी फोन केला, पोलिस आले, बंदुका रोखल्या आणि तिला जमिनीवर पालथं पाडलं. तिच्या नाकातून रक्त आलं. ती बातमी वाचताना मला दोनच गोष्टी दिसत होत्या. हेल्मेटमध्ये हुकूम धड ऐकू येत नाही, आणि चिलखतात गुडघे टेकायला वेळ लागतो. उलट बाजूही आहे. फीनिक्सच्या कॉमिकॉनमध्ये मे २०१७ मध्ये एक माणूस चिलखत घालून, खऱ्या भरलेल्या बंदुका घेऊन आत शिरला आणि पकडला गेला. मग तिथे खोट्या शस्त्रांवरही बंदी आली. पोलिसांनी कुठे घाबरायचं आणि कुठे नाही, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्या घरचं उत्तर मात्र आरशासमोर ठरलं. चिलखत नवीन होतं, मी पूर्ण वेषात, हातात ब्लास्टर. नवऱ्याने फोटो काढला. मग पोझ कशी हवी ते दाखवायला त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि आरशात बघितलं. दाढी, जीन्स, काळा टी-शर्ट, सावळा माणूस, हातात काळी बंदूक. दोघंही गप्प झालो. मी धरली की सिनेमा, त्याने धरली की बातमी. तो हसून म्हणाला, ‘मी आपला पाण्याची बाटली धरतो.’ मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून ब्लास्टर घरातून निघतो तो कापडी बॅगेत, चेन लावून. टोक केशरी रंगवलेलं, खऱ्या खेळण्यांना असतं तसं. ट्रॉलीत बॅग माझ्या पायाशी, त्याच्या खांद्याला कधीच नाही. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे तपासणीच्या टेबलावर जाणं, तिथे तुमचं शस्त्र बघतात, खोटं असल्याची खात्री करतात आणि टॅग लावतात. इथे चालणारं, झाडता येणारं काहीही चालत नाही. टॅग लागला की मगच तो हातात, आणि नळी नेहमी जमिनीकडे. हॉलमधून निघताना परत बॅगेत. गॅसलॅम्पमध्ये फोटोसाठी लोक कितीही मागे लागले, तरी रस्त्यावर मी रिकाम्या हातानेच असते. आणि कुणी गणवेशातला माणूस हाक मारतोय अशी शंका जरी आली, तरी हँडलरने पहिल्यांदा एकच करायचं : हेल्मेटवर टकटक. मी जागच्या जागी थांबते, दोन्ही हात बाजूला, बोटं पसरून. बोलायचं त्याने. आम्ही ही रंगीत तालीम दर वर्षी एकदा हॉलमध्ये करतो, आमच्या घराच्या हॉलमध्ये. पाहुणे आले असतील तर त्यांना फार गंमत वाटते.

एरवी चिलखताचं सुख काही औरच. ऑफिसात माझं नाव रोज कुणीतरी नव्याने मोडतं. सुपरमार्केटमध्ये बोललं की ‘काय म्हणालात?’ ठरलेलं. चिलखतात मी बाई नाही, देशी नाही, व्हिसावाली नाही, बुटकी आहे एवढंच. सगळे ओळखीचे. एरवी गर्दीत पाठीवर येणारे नको ते हात प्लॅस्टिकवर येतात आणि कळतही नाहीत. साध्या वेषात येणाऱ्या मुलींना ही चैन नसते. वेष म्हणजे परवानगी नव्हे, अशा पाट्या न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनने २०१४ मध्ये लावल्या, त्या उगाच नाहीत. फोटो काढताना विचारा, हात लावताना तर विचाराच.

पण माझ्या शेजारी चालणारा माणूस हेल्मेटशिवाय असतो. फोटोवाले त्याला ‘सर, जरा बाजूला’ म्हणतात आणि तो होतो. माझ्या शेकडो फोटोंत तो आहे, म्हणजे कोपऱ्यात एक कोपर, एक पाण्याची बाटली.

लहान मुलांच्या बाबतीत एक पथ्य आहे. त्यांच्याकडे आपण जायचं नाही. वाकता येत नाही, त्यामुळे आपण कायम उंचच दिसतो, अगदी मीसुद्धा. थांबायचं, हात खाली करून हलवायचा आणि मुलाला ठरवू द्यायचं. रडलं तर एक पाऊल मागे.

हे मी शिकले ते ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’वाल्यांकडून. मी त्यांची सभासद नाही, कारण त्यांच्यात शिरायला चिलखत सिनेमातल्यासारखं तंतोतंत लागतं आणि माझे दंड अजून त्यांच्या पसंतीला उतरलेले नाहीत. अल्बिन जॉन्सन नावाच्या माणसाने १९९७ साली ही मंडळी जमवायला सुरुवात केली. अपघातानंतर त्याला एक पाय गमवावा लागला होता. आज जगभर त्यांचे हजारो सभासद आहेत. वेषाचे पैसे घेत नाहीत, आजारी मुलांना भेटायला इस्पितळात जातात, देणग्या गोळा करून देतात. जॉन्सनची मुलगी केटी हिला मेंदूचा कॅन्सर होता. झोपेत आपल्यावर लक्ष ठेवायला एक ड्रॉइड हवा, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून गुलाबी रंगाचा आर-टू-केटी तयार झाला. केटी २००५ मध्ये गेली. तो गुलाबी ड्रॉइड अजून कार्यक्रमांना जातो.

याच मंडळींपैकी दोनशे जण १ जानेवारी २००७ रोजी पॅसाडिनाच्या रोझ परेडमध्ये चालले होते, साडेपाच मैल, म्हणजे जवळपास नऊ किलोमीटर, पूर्ण चिलखतात, पाय जुळवून. मला कन्व्हेन्शन सेंटरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना नानी आठवते, तर हे नऊ किलोमीटर!

तुमच्यापैकी कुणाला हे भारतात करायचं असेल, तर जरूर करा. कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीपासून सुरू झालं, मुंबईतही होतं. पण एबीएसच्या नादी लागू नका. मुंबईच्या दमटपणात फोमच बरा, योगा मॅट असते तसला. हलका, आपटला तर फुटत नाही आणि हीट गनने हवा तसा वळतो. लोकलने जाणार असाल तर तुकडे बॅगेत, चढवायचं ते तिथे पोचल्यावर. आणि बरोबर एक खंबीर सारथी न्या, ज्याला तुमच्यावर चिडायचा हक्क आहे असा.

त्याच्या सॅकमध्ये काय असावं? पांढरी गॅफर टेप, सुपर ग्लू, जास्तीची टिचबटणं, इलॅस्टिक, सेफ्टी पिना, छोटा टॉवेल, केळी. टेप पांढरीच हवी, चंदेरी टेप फोटोत बँडेजसारखी दिसते. आमचं एक टिचबटण दर वर्षी शुक्रवारी दुपारी तुटतं. का, माहीत नाही. शुक्रवारीच.

संध्याकाळी घरी आलं की कितीही झोप येत असली तरी बॉडीसूट त्याच रात्री धुवायचा, नाहीतर सकाळी तो स्वतःच्या पायाने चालत येईल. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, त्यामुळे तो बाथरूममध्ये, पंख्यासमोर. चिलखत साबणाच्या पाण्याने पुसून टबमध्ये, छाती खाली, नडग्या वर. नवरा बसून टिचबटण लावतो. मी पाय गरम पाण्यात घालून बसते. पंखे चार्जिंगला लावायचे असतात, इलेक्ट्राल काढून ठेवायचं असतं. उद्या शनिवार, रात्री मास्करेड, म्हणजे वेषभूषेची मोठी स्पर्धा. सकाळी आठची ट्रॉली धरायची आहे.